एका अव्ययाची हकालपट्टी

“आबर राउस! आबर राउस!”

माझ्या सासूबाई ओरडत होत्या. रविवारची सकाळ, एर्लांगेनमधल्या एका चर्चचं सभागृह, कपांतली कॉफी अजून गरम, आणि ह्या दुसऱ्या रांगेत उभ्या. पदर कमरेला खोचलेला, उजव्या हाताचं बोट दाराकडे. सासूबाईंनी उभी हयात अमरावतीच्या शाळेत मराठी शिकवलं. मैदानावरची प्रार्थना त्या माइकशिवाय घेत. त्यांनी ‘सावधान’ म्हटलं की शेजारच्या पोलीस लाइनीतले शिपाईही ताठ व्हायचे, असं तिकडे सांगतात. सांगतात म्हणजे मी सांगते. त्या रविवारी तो आवाज ऐकून भिंतीवरचा लाकडी क्रूस किंचित कलला. खोटं वाटत असेल तर जाऊन पाहा, अजून कललेलाच आहे.

समोर लांब टेबलामागे चर्चची कार्यकारिणी बसली होती. म्हणजे इतका वेळ बसली होती. आता ती उठत होती. एकाने जॅकेट चढवलं. एकीने सायकलचं हेल्मेट शोधायला टेबलाखाली डोकं घातलं. एक आजोबा केकचा उरलेला तुकडा कागदी रुमालात गुंडाळून दाराकडे निघालेसुद्धा. कारण ‘आबर’ आणि ‘राउस’ हे दोन शब्द जर्मनमध्ये असे शेजारी उभे करून कुणी ओरडलं, की त्याचा अर्थ होतो, ‘चला, निघा आता बाहेर!’ आणि जर्मन माणसाला हुकूम पुरेशा खात्रीने दिला तर तो आधी पाळतो. कुणी दिला, का दिला, हे बाहेर गेल्यावर विचारतो.

सासूबाईंना मात्र कुठल्याच माणसाला बाहेर काढायचं नव्हतं. त्यांना एक अव्यय बाहेर काढायचं होतं.

थांबा, मुळापासून सांगते. आणि आधीच बजावून ठेवते: ज्या शब्दावरून हे सगळं झालं तो शब्द मी माझ्या तोंडून इथे वापरणार नाही. दुसऱ्यांच्या तोंडी, किंवा त्या वेळच्या बोलण्यात, येईल तिथे नाइलाज आहे. फारच अडलं तर ‘मात्र’ वापरीन. तो त्याचाच चुलतभाऊ, त्याचा हिशेब पुन्हा कधीतरी.

सासूबाई वसंतात आल्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. आल्या आल्या बाल्कनीत मेथी पेरली. शेजारच्या म्हाताऱ्या फ्राउला भाकरी थापायला शिकवली. ती बाई आता माझ्यापेक्षा गोल भाकरी थापते आणि ते मला मुद्दाम दाखवायला आणते. माझं ऑफिस, म्हणजे माणसाच्या पोटात डोकावणारी यंत्रं बनवणारी एक कंपनी, सकाळी सुरू होतं. नवऱ्याचंही तसंच. मग सासूबाई बसचा पास गळ्यात अडकवून एकट्याच गावभर हिंडायच्या.

शाळेत त्या छापल्यासारखं मराठी बोलत. घरी आल्या की चप्पल आणि प्रमाणभाषा दोन्ही दाराबाहेर. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “काहून वं, हा आबर कोण व्हय?”

“कोण आबर, आई?”

“तेच तर इचारून राहिली. बसमध्ये सारे त्याचंच नाव घेऊन राहिले. बेकरीवाली घेते, डॉक्टरीण घेते, तुही पोरगी फोनवर मैत्रिणीपाशी घेते. आबर, आबर, आबर! मोठा माणूस दिसते. मंत्री हाय का?”

नवऱ्याच्या नाकातून चहा आला. मी म्हटलं, “आई, आबर हा माणूस नाही. आबर म्हणजे पण.”

“पण काय?”

“पण काही नाही. आबर म्हणजेच ‘पण’!”

सासूबाईंचा हात मेथीच्या जुडीवर थांबला. पाठ ताठ झाली. दाराबाहेर ठेवलेली प्रमाणभाषा आपल्या पायांनी घरात आली. “म्हणजे,” त्या म्हणाल्या, “न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय.”

हा शब्द तुम्हीही सातवी-आठवीत पाठ केला असेल आणि परीक्षेनंतर विसरला असाल. दोन वाक्यं जोडणारे शब्द म्हणजे उभयान्वयी अव्ययं. त्यांतला ‘आणि’ हा समुच्चयबोधक. हे घे, तेही घे, दोन्ही जवळ बस. आणि तो दुसरा, न्यूनत्वबोधक. जे आत्ता बोललो त्यात काहीतरी न्यून आहे, उणं आहे, असं सुचवणारा.

“पोरांना मी सांगत असे,” सासूबाई म्हणाल्या, “‘पण’च्या अगोदरचं वाक्य फळ्यावरचं असते. पुसाले ठेवलेलं.”

त्यानंतर त्यांच्याबरोबर बसमधून जायची सोय राहिली नाही. पुढच्या सीटवरचा कुणी ‘आबर’ म्हणाला की माझ्या बरगडीत कोपर. “घे! पुसला फळा.”

अशा रीतीने त्यांना जर्मनचे चार शब्द आले: हालो, डांके म्हणजे धन्यवाद, आबर, आणि राउस. शेवटचा नातीने शिकवला. माझी मुलगी दहा वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये. आजी दार न वाजवता तिच्या खोलीत शिरली की ती म्हणे, “आजी, राउस!” आजीने अर्थ अचूक काढला, बाहेर जाण्याऐवजी दारातच उभं राहून शब्दाची उजळणी केली आणि तो पुढे कधीतरी उपयोगी पडेल म्हणून ठेवून दिला.

आता माझी मैत्रीण. ती कॅमेरूनची. इथल्या विद्यापीठात ख्रिस्ती धर्मशास्त्रात डॉक्टरेट करते. विषय: आफ्रिकेतल्या बायका बायबल कसं वाचतात. उंची अशी की ती बसमध्ये चढली की ड्रायव्हर आधी छताकडे पाहतो. आणि ती एर्लांगेनला हसली की न्यूर्नबर्गच्या स्टेशनवर लोक चुकून फलाट बदलतात.

आमची ओळख कुलपामुळे झाली. आम्ही अमरावती, नागपूर, औरंगाबादकडची बौद्ध मंडळी, कुणी कंपन्यांत, कुणी संशोधनसंस्थांत. महिन्यातून एका रविवारी वंदनेला जमतो. त्यासाठी ह्या चर्चचं सभागृह भाड्याने घेतलेलं, दुपारी चारपासून. चारपर्यंत तिथे तिचं आफ्रिकन वाचनमंडळ. ते त्यांच्या घड्याळाने चारला संपवायचे, आम्ही आमच्या घड्याळाने चारला यायचो. दोन्ही घड्याळं अशी होती की वर्षभर कुणी कुणाला पाहिलंच नाही. मग एका रविवारी काय ग्रह फिरले कोण जाणे, दोन्हीकडचे लोक वेळेवर! दारातच टक्कर. त्यांच्या हातात भाताची आणि मासळीची पातेली, आमच्या हातात वड्यांचे आणि वरणाचे डबे. सगळ्यांना अन्न गरम करायचं होतं. मध्ये हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा गृहस्थ, कमरेला शंभर किल्ल्यांचा जुडगा. तो म्हणाला, “स्वयंपाकघर बंद असतं.”

बंद दारासमोर दोन खंडांची जेवणं एकत्र थंड होत असताना जी मैत्री होते, ती कुणाच्या बापाला तुटत नाही. आम्ही मासळी खाल्ली, त्यांनी वडे. थंडच. मिरचीने दोघांची सोय केली.

पुढच्या वेळेपासून मी तासभर आधी जाऊन त्यांच्या मागे बसू लागले. आमच्या घरात भिंतीवर फोटो दोनच, कुणाचे ते मराठी माणसाला सांगायला नको. देव मानण्याचा प्रश्न नव्हता. मी जायचे ती त्यांच्या वाचण्याच्या तऱ्हेसाठी. दवाखान्यात रात्रपाळी करून आलेल्या नर्सेस, विद्यार्थी, गोदामात काम करणारे, एक घानाचा बसड्रायव्हर. बायबलमधला उतारा वाचून झाला की मैत्रीण एकच विचारायची: “ह्या गोष्टीत कोण बोलत नाहीये?”

मग जी धमाल उडायची! एकदा द्राक्षमळ्याची गोष्ट होती. मळेवाला सकाळी चौकातून मजूर नेतो, दुपारी आणखी नेतो, अगदी संध्याकाळी उरलेले नेतो, आणि सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. सकाळचे चिडतात. मैत्रीण म्हणाली, इथल्या पाद्र्यांना विचाराल तर ही मालकाच्या दिलदारपणाची गोष्ट. ड्रायव्हर उसळला. “मालकाचं सोड! चौकात कोण उरलंय ते बघ. म्हातारे, लंगडे, ज्यांना सकाळी कुणी निवडलं नाही ते. दिवसभर उन्हात उभं राहणं हे काम नाही? उलट तेच जड काम. त्यात भीती असते.”

माझे वडील अमरावतीला मजुरांच्या नाक्यावर उभे राहत. ज्या दिवशी काम मिळत नसे त्या दिवशी ते जास्त थकून घरी यायचे. लहानपणी मला ते कोडं वाटायचं. ते एका आफ्रिकन बसड्रायव्हरने एर्लांगेनमध्ये, बायबलमधून सोडवलं. मी त्यानंतर अर्धा तास एक अक्षर बोलले नाही. ह्या एका गोष्टीवर माझ्या घरचे अजून विश्वास ठेवत नाहीत.

सासूबाई आल्यावर त्यांनाही घेऊन जाऊ लागले. त्यांना गाणी आवडली. मासळी त्याहून आवडली.

आणि मग ती ओळ आली. जुन्या करारात प्रेमाची काही गीतं आहेत. त्यांत एक मुलगी बोलते. भावांनी तिला द्राक्षमळ्याच्या राखणीला लावलंय, ऊन लागून लागून ती रापलीय. ती शहरातल्या मुलींना सांगते की मी काळी आहे, मी सुंदर आहे. मैत्रीण म्हणाली, “मूळ हिब्रूत ह्या दोन गोष्टींच्या मध्ये एकच अक्षर आहे. त्याचा अर्थ ‘आणि’ होतो. ‘पण’ही करता येतो. निवड भाषांतर करणाऱ्याची. युरोपातल्यांनी शतकानुशतकं काय निवडलं असेल? जुनी जर्मन प्रत उघडा.”

एका नर्सबाईंनी उघडली. काळी, आबर सुंदर.

“आमच्या गावात,” मैत्रीण म्हणाली, “माझी आजी हे वाचते तेव्हा ‘आणि’ म्हणते. छापलेलं काही का असेना. तिला विचारलं, आजी, इथे तर ‘पण’ लिहिलंय. म्हणते, ‘छापणाऱ्याने त्या मुलीला पाहिलं नव्हतं.’”

मी काळी आहे. मराठीत लग्नाच्या बाजारात रंगाच्या पायऱ्या असतात: गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी. मी त्या सगळ्या उतरून तळघरात पोचलेली. जन्मले तेव्हा आत्या म्हणाली, “काळी आहे पण डोळे बोलके आहेत.” शाळेत गुरुजी म्हणाले, “त्या वस्तीतली आहे पण पहिली येते.” पुण्याच्या ऑफिसात एक बाई माझा डबा चाखून म्हणाल्या, “अय्या, तुम्ही त्यांच्यातल्या? पण वाटत नाही हो!” आणि कांदेपोह्यांच्या दिवशी, मी आत स्वयंपाकघरात कप विसळत असताना, बाहेरच्या खोलीत माझ्या होणाऱ्या सासूबाई आपल्या नणंदेला हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज म्हणजे बाकीच्यांचं भाषण. “मुलगी काळी आहे पण इंजिनियर आहे.”

ते वाक्य मी लोणच्यासारखं मुरवून ठेवलं होतं. वर्षातून एकदा बरणी उघडायची, वास घ्यायचा, पुन्हा झाकण.

त्या रविवारी मी बरणी मंडळासमोर उघडली. जर्मनमध्ये, सासूबाई शेजारी बसलेल्या असताना. सगळं ऐकून मैत्रीण म्हणाली, “एक मिनिट. तू? काळी?” आणि तिने बाही सरकवून हात टेबलावर ठेवला. ड्रायव्हरने ठेवला. नर्सेसनी ठेवले. मीही ठेवला. टेबल हास्याने हललं. आयुष्यात पहिल्यांदा काळेपणाच्या स्पर्धेत मी शेवटून पहिली आले! “तू म्हणजे दुधाचा चहा,” ड्रायव्हर म्हणाला, “आणि तोही तुमच्या कँटीनमधला.”

“काय म्हणून राहिले?” सासूबाईंनी विचारलं.

मी सगळं मराठीत सांगितलं. कांदेपोहे वगळून. सासूबाईंनी घसा साफ केला, उभ्या राहिल्या, आणि आफ्रिकन वाचनमंडळाला मराठी व्याकरणातला उभयान्वयी अव्ययांचा धडा दिला. मी भाषांतर करत होते. ‘न्यूनत्वबोधक’ला जर्मनमध्ये काय म्हणणार? मी म्हटलं, ‘काहीतरी कमी आहे असं दाखवणारा शब्द.’

मैत्रिणीने पेन काढून तो शब्द तळहातावर लिहिला. “न्यू-नत्-व-बोधक,” तिने म्हणून पाहिलं. “तुमच्या भाषेला हे आधीपासून माहीत होतं!”

आता तिचं काय पणाला लागलं होतं ते सांगते. मंडळाला किल्ली हवी होती. इतकी वर्षं दर रविवारी हाउसमाइस्टरच्या घरी जाऊन किल्ली मागायची, चारला परत करायची, स्वयंपाकघराला कुलूप, ढोल बंद. भाड्याने येणारे आम्ही, आमचं ठीक आहे. हे लोक मात्र ह्याच चर्चचे सभासद होते. त्यांची मुलं इथे बाप्तिस्मा घेत होती. तरी सकाळच्या मुख्य प्रार्थनेत त्यांना मागची बाकं, आणि दुपारी पाहुण्यांची किल्ली. मैत्रिणीने अर्ज केला होता की मंडळाला चर्चचा भाग माना, स्वतःची किल्ली द्या. नाही म्हणाले असते तर त्यांना गावाबाहेर, गोदामांच्या वस्तीतली एक जागा घ्यावी लागणार होती. तिथे रविवारी बस जात नाही. रात्रपाळी करून आलेल्या बायका तिथवर चालत जाणार नव्हत्या. मंडळ मोडलं असतं. “मी प्रबंधात त्यांच्या वाचनाचं कौतुक करीन,” ती मला म्हणाली होती, “आणि वाचणारं कुणी उरलेलं नसेल.”

कार्यकारिणीने कळवलं: आधी मुख्य प्रार्थनेत एकदा प्रवचन द्या. त्यानंतर सभा. सभेत ठराव.

तर तो रविवार. चर्च भरलेलं. मैत्रीण व्यासपीठावर चढली तेव्हा इमारत थोडी बुटकी वाटली. तिने तीच ओळ घेतली. ते एक अक्षर, आजीचा ‘आणि’, मळ्यात रापलेली मुलगी. आणि मग म्हणाली, “माझ्या एका मैत्रिणीच्या सासूबाई भारतातल्या शाळेत व्याकरण शिकवायच्या. त्यांच्या भाषेत ‘आबर’ ह्या शब्दाला एक नाव आहे.” आणि बव्हेरियातल्या त्या चर्चच्या कमानीखाली, ऑर्गनच्या नळ्यांसमोर, एका कॅमेरूनी बाईच्या तोंडून खणखणीत शब्द निघाला: “न्यूनत्वबोधक!”

सासूबाईंनी अशी मान हलवली, जशी वर्गातल्या मुलीने उत्तर बरोबर दिल्यावर हलवत असतील. पुढच्या बाकावरचे एक गृहस्थ शेजारणीला म्हणाले, “हिब्रू शब्द दिसतोय.”

“आपण कुणाला ‘तू असा आहेस, आबर चांगला आहेस’ म्हणतो,” ती म्हणाली, “तेव्हा आपण त्याच्या असण्यालाच उणं ठरवतो, आणि वर त्यानेच आपले आभार मानावेत अशी अपेक्षा करतो.” लोकांनी माना डोलावल्या. दारात हात हातात घेऊन घेऊन अभिनंदन केलं. एका बाईंचे डोळे पाणावले होते. मला वाटलं, झालं! जिंकलो!

मग सभागृहात कॉफी, केक, आणि सभा. अध्यक्षबाई म्हणजे पूर्वी शाळेत लॅटिन शिकवलेल्या, उंच, चष्मा साखळीला. त्यांनी कागद उचलला. ठराव आठवडाभर आधीच टाइप झालेला होता. प्रवचन कितीही गाजलं तरी टाइप झालेला कागद तसाच राहतो. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि मी सासूबाईंच्या कानात मराठी सोडू लागले.

“आफ्रिकन वाचनमंडळाचं आमच्या वास्तूत मनापासून स्वागत आहे, आबर...”

सासूबाईंचं कोपर माझ्या बरगडीत.

“...ढोल वाजवू नयेत. मंडळ आमच्यासाठी मोठी समृद्धी आहे, आबर स्वयंपाकघर बंद राहील. आम्ही त्यांच्याकडून खूप शिकतो, आबर किल्ली हाउसमाइस्टरकडेच...”

मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती भिंतीशी उभी होती. तिने हातातली कॉफी न पिताच खिडकीत ठेवून दिली. व्यासपीठावर तेवढी उंच दिसलेली बाई, तिचे खांदे खाली आलेले. नर्सेस एकमेकींकडे न बघता आपापल्या पर्सचे बंद नीट करत होत्या, निघायच्या आधी माणूस करतो तसे.

आणि माझ्या शेजारची खुर्ची मागे सरकली.

“आबर राउस! आबर राउस!”

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. जॅकेट, हेल्मेट, केक. माझी मुलगी जर्मनमध्ये किंचाळली, “मम्मी, आजीने सगळ्यांना हाकललं!” मी तोंड उघडलं आणि आयुष्यात दुसऱ्यांदा माझ्या तोंडून शब्द निघेना. अध्यक्षबाईंचा चेहरा बिटासारखा झाला. मला वाटलं, गेलं. किल्ली गेली, मंडळ गेलं, आमचं वंदनेचं भाड्याचं सभागृहही त्याच फेरीत गेलं.

मग मैत्रीण हसली. भिंतीपासून सुटून ती पुढे आली, आणि ते हसणं असं होतं की दाराशी पोचलेले केकवाले आजोबा जागच्या जागी वळले.

“बसा, बसा सगळे,” ती म्हणाली. “आजी तुम्हाला जा म्हणत नाहीयेत. त्या म्हणतायत, ‘आबर’ला बाहेर काढा. त्या शब्दाला.”

एकाने जॅकेटची एक बाही काढली, दुसरी तशीच ठेवली. बघू काय होतंय ते.

“तुम्ही लॅटिन शिकवलंय,” मैत्रीण अध्यक्षबाईंना म्हणाली. “एवढं करा. ठरावातला एक शब्द बदलू नका, फक्त ‘आबर’च्या जागी ‘उंड’ घाला. ‘आणि.’ आणि मोठ्याने वाचा.”

व्याकरणाच्या शिक्षकाला व्याकरणाचं आव्हान दिलं की त्याला नाही म्हणता येत नाही, मग तो अमरावतीचा असो की फ्रँकनचा, म्हणजे एर्लांगेनच्या ह्या मुलखाचा. अध्यक्षबाईंनी चष्मा लावला. “मंडळाचं मनापासून स्वागत आहे आणि ढोल वाजवू नयेत. मंडळ आमच्यासाठी मोठी समृद्धी आहे आणि स्वयंपाकघर बंद राहील. आम्ही त्यांच्याकडून खूप शिकतो आणि किल्ली...”

त्या थांबल्या. आधी केकवाले आजोबा हसले, रुमालातला केक हातात घेऊन, खांदे हलवत. मग मागची रांग. मग हेल्मेटवाल्या बाई. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. आरशासमोर अचानक उभं केल्यावर माणूस हसतो तसं ते होतं. इतकी वर्षं तो एक शब्द दोन वाक्यांच्या मध्ये पडद्यासारखा धरलेला होता. तो काढला आणि दोन्ही वाक्यं एकमेकांकडे बघून लाजली.

“हे,” अध्यक्षबाई सावकाश म्हणाल्या, “जुळत नाही.”

“नाही ना?” मैत्रीण म्हणाली. “आता हे बघा. ‘मी काळी आहे आणि मी सुंदर आहे.’ हे जुळतं.”

अध्यक्षबाईंनी पेन काढलं आणि कागदावर एक रेघ मारली. मग आणखी एक. त्या रेघांचा आवाज मी ऐकला. सगळ्या सभागृहाने ऐकला. नंतर त्यांनी वाचलं ते एवढंच: स्वागत आहे, आणि किल्ली त्यांची. हात वर झाले. एकच बाही घातलेल्याचाही वर झाला. आजोबांनी केकसकट हात वर केला.

हाउसमाइस्टरने कमरेचा जुडगा सोडवला. शंभरातली एक किल्ली काढायला त्याला इतका वेळ लागला की तेवढ्यात मी बाळंत झाले असते. त्याने ती मैत्रिणीच्या तळहातावर ठेवली, त्याच हातावर, जिथे तिने तो शब्द लिहिला होता. तिने मूठ मिटली आणि नर्सेसनी असा गजर केला की काचा थरारल्या. तो गृहस्थ त्या गोंगाटात म्हणाला, “बास्ट शो.” म्हणजे ‘ठीक आहे’. फ्रँकनी माणूस स्वतःच्या लग्नातही ह्याहून जास्त काही म्हणत नाही.

स्वयंपाकघर उघडलं. त्या दुपारी तिथे मासळी शिजली, वडे तळले गेले, ढोल वाजले, आणि ढोलाच्या तालावर आमच्या मंडळींनी वंदनेनंतर जी लेझीम घातली ती, शपथेवर सांगते, मंगळावरून दिसली.

अध्यक्षबाई प्लेट घेऊन सासूबाईंजवळ आल्या. एक बोट वर करून म्हणाल्या, “अड्व्हर्साटिव्ह.” लॅटिनवाले ‘आबर’च्या जातीला तसं म्हणतात. सासूबाईंनीही बोट वर केलं. “न्यूनत्वबोधक.” दोघींना एकमेकींचा शब्द कळला नव्हता आणि म्हणणं पूर्ण कळलं होतं. मग सासूबाईंनी स्वतःच्या हाताने त्यांच्या प्लेटमध्ये वडा वाढला आणि तो संपेपर्यंत समोरून हलल्या नाहीत.

संध्याकाळी आम्ही बसस्टॉपवर उभ्या होतो. नवरा आणि मुलगी सायकलींवर पुढे गेलेले. माझ्या डोक्यात ढोल अजून वाजत होते. मी म्हटलं, आज नाही तर कधीच नाही. बरणी काढली.

“आई, एक विचारू? कांदेपोह्यांच्या दिवशी तुम्ही आत्याबाईंना म्हणाला होता, मुलगी काळी आहे पण इंजिनियर आहे. मी आत कप विसळत होते. ऐकलं होतं मी.”

“ठाऊक हाय मले,” त्या म्हणाल्या. “कपाचा आवाज बंद झाला होता.”

मी डब्यांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग पुन्हा जोर केला. “मग आता? आज एवढं भर सभेत आबरला राउस केलंत. एवढ्या मोठ्या जर्मन चर्चला व्याकरण शिकवलंत. तर आता माझ्याबद्दल तेच वाक्य पुन्हा म्हणा बघू. नीट, समुच्चयबोधक घालून. मला ऐकायचंय. मी कशी आहे?”

सासूबाईंनी बस कुठवर आली ते वाकून पाहिलं. पदर सारखा केला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या,

“काळी हायेस अन् लय बोलतेस.”